बायबल दोघांचंही, मग निवाडा कोणाचा?

प्रश्न असा आला आहे : "आमचं घर नगरकडचं, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट चर्चचं. लग्न ठरतंय ते वसईच्या कॅथलिक घरात. होणारे सासरे बोलता बोलता म्हणाले, 'तुमच्या बायबलात सात पुस्तकं कमी आहेत.' घरी आल्यावर काका म्हणाले, 'ते लोक बायबलपेक्षा पोपला मोठं मानतात.' यातलं खरं काय? शास्त्राचा अधिकार नक्की कोण मानतं आणि किती?"

ताई, काकांचं म्हणणं चुकीचं आहे आणि सासऱ्यांचं अर्धवट. मी स्वतः प्रोटेस्टंट पाळक आहे. बरीच वर्षं शास्त्राभ्यासाचे वर्ग घेतले आणि तुमच्यासारखी मिश्र लग्नाची जोडपी समोर बसवून हेच प्रश्न सोडवले. माझं माप कुठे झुकतं ते तुम्हाला दिसेलच, मी ते लपवणार नाही. पण कॅथलिक बाजू अशी मांडेन की तुमचे सासरे म्हणतील, हो, आम्ही हेच मानतो.

आधी एक काम करा. दोन्ही घरची बायबलं टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अनुक्रमणिका उघडा. मी प्रत्येक जोडप्याला हे करायला लावतो, कारण निम्मे गैरसमज तिथेच गळून पडतात. नवा करार बघा : मत्तयापासून प्रकटीकरणापर्यंत २७ पुस्तकं, दोन्हीकडे तीच. जुन्या करारात मात्र तुमच्याकडे ३९ आणि त्यांच्याकडे ४६. तोबित, यहुदीथ, मक्काबींची दोन पुस्तकं, ज्ञानग्रंथ, बेनसिरा आणि बारूख ही ती सात. शिवाय एस्तेर आणि दानीएल त्यांच्याकडे लांब आहेत. तुमचा दानीएल बाराव्या अध्यायाला संपतो. त्यांचा चौदाव्याला संपतो, आणि तेराव्यात सुसान्नेवरच्या खोट्या आरोपाची गोष्ट येते, ती तुम्ही बहुधा कधी ऐकलीच नसेल.

हा फरक मूळचा यहुदी लोकांच्या दोन परंपरांमधला. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या शास्त्रात ही पुस्तकं होती, हिब्रू यादीत नव्हती. पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी जास्त करून ग्रीक शास्त्रच वाचलं. पुढे लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमचा कल हिब्रू यादीकडे होता, तर त्याचा समकालीन ऑगस्टीन मोठ्या यादीच्या बाजूचा. ३९३ मध्ये हिप्पोला आणि ३९७ मध्ये कार्थेजला आफ्रिकेतल्या बिशपांनी मोठी यादी मान्य केली, तरी विद्वानांमधली कुरबुर हजार वर्षं चालूच राहिली. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने १५३४ च्या जर्मन बायबलात ही पुस्तकं काढून टाकली नाहीत. दोन करारांच्या मध्ये वेगळी छापली आणि वर लिहिलं की ही शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचायला उपयोगी आणि चांगली आहेत. १६११ च्या इंग्रजी बायबलातही ती होती. मग तुमच्या मराठी पवित्र शास्त्रातून गेली कुठे? १८२६ मध्ये लंडनच्या बायबल सोसायटीने ठरवलं की या पुस्तकांच्या छपाईवर पैसा खर्च करायचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पूर्ण मराठी बायबल छापलं गेलं ते अशा सोसायट्यांच्याच आधाराने. म्हणून आपल्या आजी-पणजींच्या हातात जे शास्त्र आलं त्यात मलाखी संपला की लगेच मत्तय.

त्यामुळे 'कमी' हा शब्दही बरोबर नाही आणि आपल्याकडचे काही जण म्हणतात तो 'घुसडलेली' हा तर मुळीच नाही. पण वाद पुस्तकांच्या संख्येवरून पेटला नव्हता. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, मेलेल्या सैनिकांसाठी प्रार्थना आणि अर्पण केल्याचा प्रसंग आहे. मृतांसाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, अर्पण करण्याच्या प्रथेला कॅथलिक तिथून आधार दाखवत. ल्यूथर म्हणाला, हे पुस्तक मला प्रमाण नाही. लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला : कोणतं पुस्तक प्रमाण हे ठरवणार कोण? अधिकाराचा खरा प्रश्न हा आहे.

हा प्रश्न मी वर्गात मृत्युपत्राच्या उदाहरणाने समजावतो. वडील गेले, मागे मृत्युपत्र ठेवून गेले. भावंडांत कुणालाही त्या कागदाबद्दल शंका नाही, अक्षर वडिलांचं, सही वडिलांची. वाद होतो तो तिसऱ्या कलमाच्या अर्थावरून. एक भाऊ म्हणतो, "आई अजून घरात आहे. वडील हे लिहीत होते तेव्हा ती शेजारी बसली होती. कागदात न लिहिलेलंही त्यांनी तिला सांगितलं होतं. अर्थ तिला विचारा." दुसरा म्हणतो, "आईचा मान आहेच. पण मधल्या काळात तिच्याभोवती सल्लागार जमलेत आणि ती परवा एक बोलली, काल दुसरं. ती जे सांगेल ते तिने कागदावर बोट ठेवून दाखवावं." पहिला कॅथलिक, दुसरा प्रोटेस्टंट, आणि आई म्हणजे चर्च. कागद दोघांनाही प्रिय आहे. उदाहरण एका ठिकाणी लंगडं पडतं, कारण दोघांच्याही श्रद्धेप्रमाणे वडील जिवंत आहेत आणि पवित्र आत्म्याने बोलतात. तो आत्मा वाद मिटवतो तो कोणाच्या तोंडून, इथे मात्र वाटा पुन्हा वेगळ्या होतात.

दुसरा भाऊ इतका चिडला का, हे कॅथलिक घरात जाणाऱ्या मुलीने नीट समजून घ्यावं. ल्यूथरच्या आधी शंभर वर्षं युरोपात एकाच वेळी तीन जण स्वतःला पोप म्हणवत होते. ते भांडण मिटवायला कॉन्स्टन्सला धर्मपरिषद भरली, आणि त्याच परिषदेने ६ जुलै १४१५ ला बोहेमियाच्या यान हुस या सुधारकाला जिवंत जाळलं. १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादसभेत योहान 'एक' नावाच्या कॅथलिक पंडिताने ल्यूथरला बरोबर याच मुद्द्यावर कोंडीत पकडलं आणि ल्यूथर बोलून गेला की हुसची काही मतं अगदी ख्रिस्ती होती, म्हणजे परिषद चुकली. पोप चुकू शकतो हे तोवर बरेच जण दबक्या आवाजात म्हणत. परिषदही चुकू शकते, हे म्हटल्यावर पायाखाली उरलं फक्त शास्त्र. दोन वर्षांनी, १८ एप्रिल १५२१ ला, वर्म्सच्या दरबारात सम्राटासमोर तो हेच बोलला : शास्त्राच्या वचनांनी किंवा स्पष्ट युक्तिवादाने माझी चूक दाखवा, कारण पोप आणि परिषदा अनेकदा चुकल्या आहेत, एकमेकांच्या विरुद्ध बोलल्या आहेत आणि माझं मन देवाच्या वचनाला बांधलेलं आहे.

'केवळ शास्त्र' याचा अर्थ इथे नीट धरा, कारण आपल्याच लोकांनी तो बिघडवला आहे. केवळ शास्त्र म्हणजे शास्त्राशिवाय दुसरं काही वाचायचं नाही, मंडळीचं ऐकायचं नाही, मी आणि माझं बायबल पुरे, असं नव्हे. विश्वासांगीकार (उपासनेत म्हणायचं श्रद्धेचं ठरलेलं कथन), परिषदा, जुने आचार्य, पाळक या सगळ्यांना अधिकार आहे, पण त्यांची चूक दाखवता येते. जिची चूक दाखवता येत नाही अशी कसोटी एकच, शास्त्र. तुम्ही उपासनेत जो नायसियाचा विश्वासांगीकार म्हणता त्याकडेच बघा. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे असं ठरवलं. हा शब्द बायबलात कुठेही नाही. तरी कोणताही जाणता प्रोटेस्टंट तो सोडत नाही, कारण शास्त्राचा अर्थ तो अचूक पकडतो.

पण आपल्या बाजूची दुखरी जागा मी झाकणार नाही. ऑक्टोबर १५२९, मारबुर्गचा किल्ला. हेस या जर्मन प्रांताचा सत्ताधीश फिलिप याने ल्यूथर आणि झुरिकचा सुधारक झ्विंगली यांना एका टेबलाशी आणलं. दोघंही पोपपासून वेगळे झालेले, दोघंही ग्रीक जाणणारे, दोघंही केवळ शास्त्र मानणारे. चर्चा सुरू होण्यापूर्वी ल्यूथरने खडूने टेबलावर लॅटिनमध्ये चार शब्द लिहिले, प्रभुभोजनाच्या भाकरीबद्दलचे येशूचे : हे माझे शरीर आहे. झ्विंगलीचं म्हणणं, इथे 'आहे' म्हणजे 'दर्शवतं'. ल्यूथरने त्या अक्षरांकडे बोट दाखवलं आणि तो तसूभरही हलला नाही. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधराव्यावर, प्रभुभोजनावर, ते वेगळे झाले आणि पुढे कित्येक शतकं ती भेग बुजली नाही. कॅथलिक माणूस ही गोष्ट ऐकतो आणि विचारतो, शास्त्र स्वतःच स्वतःचा अर्थ सांगतं ना, मग या दोन विद्वान भक्तांना दोन अर्थ का सांगितले? या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण समाधान करणारं उत्तर नाही. तारणासाठी जे आवश्यक ते साध्या माणसालाही कळेल इतकं स्पष्ट आहे, सगळं सारखं स्पष्ट नाही, असं वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात इंग्लंडच्या धर्मपंडितांनी १६४० च्या दशकात लिहून ठेवलं. मला ते पटतं. पण प्रभुभोजन आवश्यक गोष्टींत धरायचं की नाही, हे पुन्हा कोणीतरी ठरवावंच लागतं.

आता कॅथलिक बाजू. काकांना हा भाग वाचून दाखवा.

८ एप्रिल १५४६ ला त्रेंतच्या कॅथलिक धर्मपरिषदेने आपला निर्णय दिला. आधीच्या मसुद्यात वाक्य असं होतं की शुभवर्तमानाचं सत्य 'अंशतः' लिखित ग्रंथांत आणि 'अंशतः' अलिखित परंपरांत आहे. लॅटिनमध्ये 'पार्तिम' हा शब्द दोनदा आला होता. म्हणजे सरळ दोन पेट्या : थोडं या पेटीत, थोडं त्या. सभेतल्या काहींनी हरकत घेतली. कियोज्जाचा बिशप नाक्कियांती तर उघड म्हणाला की परंपरेला शास्त्राच्या बरोबरीने बसवणं अधर्म आहे. अंतिम मजकुरात दोन्ही 'पार्तिम' गेले आणि त्यांच्या जागी एकच 'एत' आला, म्हणजे 'आणि'. लिखित ग्रंथांत आणि अलिखित परंपरांत. बरोबरीच्या आदराचं वाक्य मात्र राहिलं : दोन्ही सारख्याच भक्तीने आणि आदराने स्वीकाराव्यात.

त्या एका 'आणि'ने पुढे चारशे वर्षं धर्मपंडितांना कामाला लावलं. बहुतेक कॅथलिक पाठ्यपुस्तकांनी तो जुन्या 'अंशतः'सारखाच वाचला आणि दोन उगमांची शिकवण रूढ झाली. दुसरी व्हॅटिकन परिषद भरली तेव्हा नोव्हेंबर १९६२ मध्ये पहिला मसुदा आला, त्याचं नावच 'प्रकटीकरणाचे उगम', तेही अनेकवचनी. सभागृहात खडाजंगी झाली. मतदान झालं तेव्हा मसुद्याची चर्चा थांबवावी असं म्हणणारे १३६८ आणि ती पुढे न्यावी असं म्हणणारे ८२२. नियमाला लागणारं दोन तृतीयांश बहुमत थोडक्यात हुकलं, तरी दुसऱ्या दिवशी पोप तेविसावे जॉन यांनी मसुदा मागे घेतला. तीन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९६५ ला, नवा दस्तऐवज 'देई वेर्बुम', म्हणजे 'देवाचं वचन', २३४४ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला. त्यात म्हटलंय की शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी झऱ्यातून वाहतात. पुढे असंही आहे की प्रकट झालेल्या सगळ्या गोष्टींबद्दलची खात्री चर्चला केवळ शास्त्रातून मिळत नाही. आणि दहाव्या परिच्छेदात, काकांसाठी मी अधोरेखित करतो, असं लिहिलंय की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो वचनाची सेवा करतो, जे हाती सोपवलं गेलं तेवढंच शिकवतो.

पोप बायबलपेक्षा मोठा, असं कॅथलिक चर्च कधीच शिकवत नाही. १८७० च्या ज्या परिषदेने पोपच्या अप्रमादित्वाची, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत निर्णयात पोप चुकत नाही या शिकवणीची, घोषणा केली, तिनेच त्याआधी तीनेक महिने ठरवलं होतं की बायबलची पुस्तकं पवित्र आहेत ती चर्चने मान्यता दिली म्हणून नव्हेत, तर देव त्यांचा कर्ता आहे म्हणून. सराफ सोनं पारखतो, सोनं घडवत नाही, हे जे आपण प्रोटेस्टंट म्हणतो तेच. आणि पोप रोज उठून वचनांचे अर्थ ठरवत बसतात असंही नाही. ज्यांचा अर्थ चर्चने अधिकाराने ठरवून दिला आहे अशी वचनं फार थोडी आहेत, हे बाराव्या पायस यांनी १९४३ मध्ये स्वतः लिहिलं.

'परंपरा' या मराठी शब्दानेही आपला घोटाळा होतो. आपल्याला परंपरा म्हटलं की सणवार, पोशाख, मिरवणूक आठवते. कॅथलिक धर्मशास्त्रात परंपरा म्हणजे प्रेषितांनी हातोहात दिलेली शिकवण आणि उपासना. फादरांनी लग्न न करणं हा त्या अर्थाने परंपरेचा भाग नव्हे, तो शिस्तीचा नियम आहे. पोपला मानणाऱ्या पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चेसमध्ये विवाहित धर्मगुरू आहेतच. येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात ज्या माणसांच्या संप्रदायांवर कोरडे ओढले, ते वचन आपले लोक कॅथलिकांच्या तोंडावर फेकतात. पण थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात पौल सांगतो की तोंडी असो की पत्राने, जे शिकवलं ते धरून राहा. ही दोन्ही वचनं एकाच शास्त्रात आहेत.

माझी हरकत मग कुठे उरते? १९५० मध्ये मरियेचं सदेह स्वर्गारोहण ही श्रद्धेची बाब म्हणून जाहीर झाली. ती घटना सांगणारं वचन शास्त्रात मला सापडत नाही, आणि आई म्हणते म्हणून तीवर विश्वास न ठेवणारा पूर्ण कॅथलिक राहू शकत नाही. आईची चूक दाखवण्याची सोय त्या घरात नाही, ही माझी अडचण आहे. कॅथलिक मित्र उलट विचारतात, "तुझ्या नव्या करारात २७ पुस्तकं आहेत हे कोणत्या वचनात लिहिलंय?" ती यादी नेमकी तशी प्रथम आढळते ती ३६७ मध्ये अथनासियसने लिहिलेल्या पुनरुत्थानाच्या सणाच्या पत्रात. तो अलेक्झांड्रियाचा बिशप होता. ऑगस्टीन तर म्हणाला होता की कॅथलिक चर्चच्या अधिकाराने मला प्रवृत्त केलं नसतं तर मी शुभवर्तमानावर विश्वास ठेवला नसता. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनचं उत्तर असं की उजेड आणि अंधार, गोड आणि कडू यांतला फरक कोणी शिकवावा लागत नाही, तसं शास्त्र आत्म्याच्या साक्षीने स्वतःची ओळख देतं. मी कॅल्विनच्या बाजूला बसतो, पण समोरचा प्रश्न पोकळ आहे असं कधी म्हणत नाही.

सामान्य माणसाच्या हाती बायबल देण्याबाबत मात्र कॅथलिक चर्च उशिरा आलं, हे सांगायला हवं. १५६४ च्या नियमाप्रमाणे बोलीभाषेतलं बायबल वाचायला बिशपची किंवा धर्मन्यायाधीशाची लेखी परवानगी लागे. १९६५ चा दस्तऐवज सांगतो की शास्त्र सर्व श्रद्धावंतांना सहज मिळालं पाहिजे. या दोन टोकांमधला सगळा प्रवास आपल्या मराठीतही दिसतो. १६१६ मध्ये गोव्यात राचोलला जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा आली ती पुराणाच्या रूपात, धर्मगुरूच्या वाणीतून, वाचून दाखवण्यासाठी आणि ऐकण्यासाठी. जवळजवळ दोनशे वर्षांनी, १८११ मध्ये, सेरामपूरहून विल्यम केरी यांचा मराठी नवा करार आला, तो थेट वाचकाच्या हाती द्यायला. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. साध्या बायकांना वाचता यावं ही त्यांची कळकळ होती. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते पूर्ण छापून निघालं. आणि सासरी तुम्हाला बहुधा कपाटात सापडेल ते 'सुबोध बायबल' वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं. त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. स्टीफन्सच्या काळी कॅथलिक मराठी माणूस शास्त्र ऐकत होता, आज तो ते घरी बसून वाचतो. काकांची माहिती मधल्या कुठल्या तरी काळातली आहे.

आता तुमच्या घरापुरतं. रोज एक अध्याय दोघांनी मिळून वाचा आणि सुरुवात मार्कापासून करा, तिथे दोन्ही बायबलं एकच आहेत. नवरा मिस्सेला 'देवाचं वचन' म्हणून जे ऐकतो आणि तुम्ही उपासनेत जे ऐकता ते तेच. मुलांचा प्रश्न, स्नानसंस्कार म्हणा की बाप्तिस्मा, तो कुठल्या चर्चमध्ये, हे लग्नाआधी फादर आणि पाळक दोघांना एकत्र बसवून बोला. ते पुढे ढकललेली घरं मी बघितली आहेत, तिथे शास्त्राचा वाद पाळण्याशी येऊन पेटतो.

आणि सासऱ्यांनी पुन्हा सात पुस्तकांचा विषय काढला तर वाद घालू नका. म्हणा, "पप्पा, मला मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा सातवा अध्याय वाचून दाखवा." एका आईसमोर तिचे सात मुलगे छळून मारले जातात, एकेक जण नियमशास्त्र सोडायला नकार देतो आणि ती आई त्यांना पुनरुत्थानाची आशा देत उभी राहते. वाचून झालं की तुमचं पवित्र शास्त्र घ्या, इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय उघडा आणि पस्तिसावं वचन तुम्ही त्यांना वाचून दाखवा.